‘रणांगण’मधील निर्वासित मन : एक पुनर्विचार

विश्राम बेडेकर यांच्या ‘रणांगण’ (१९३९) या कादंबरीविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. तिचा आंतरराष्ट्रीय पट, तिची आटोपशीर रचना, राष्ट्रवादाविषयीचा तिचा कडवटपणा, या गोष्टी आता सर्वमान्य झाल्या आहेत. परंतु युद्धाने उन्मळून पडलेल्या मनाचे नेमके काय होते आणि त्याला आधार कशाने मिळतो, या प्रश्नाच्या अंगाने ती फारशी वाचली गेलेली नाही. चक्रधर आणि हॅर्टा यांची प्रेमकथा इतकी प्रभावी आहे की तिच्याखाली हा प्रश्न झाकला जातो.

प्रथम एक साधी गोष्ट ध्यानात घ्यावी. हॅर्टा मरते ती जर्मनीत नव्हे. ज्या भूमीत ज्यू म्हणून तिची विटंबना झाली तेथून ती जिवंत सुटते. मुंबईस चक्रधर उतरतो, बोट शांघायच्या वाटेस लागते, आणि मग, भय मागे पडल्यावर आणि आश्रयाचे बंदर जवळ येत असता, ती समुद्रात जीव देते. आघात म्हणजे भूतकाळी घडलेली आणि मनात रुतून बसलेली एक घटना, अशी आपली समजूत असेल तर या मृत्यूचा उलगडा होत नाही. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी १९८० साली आघातोत्तर ताणविकाराला शास्त्रीय मान्यता दिली तेव्हा नेमकी हीच समजूत पायाशी धरली होती. डेरेक समरफील्ड या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञाने १९९९ साली तिच्यावर कठोर टीका केली. युद्धग्रस्तांचे दुःख केवळ व्यक्तीच्या मनातील रोग म्हणून मोजले की त्यांचे मोडलेले समाजजीवन नजरेआड होते, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता. बेडेकरांच्या कादंबरीत हे साठ वर्षे आधीच, सिद्धान्ताविना, दिसते.

यावर असा आक्षेप येईल की हॅर्टा प्रेमभंगाने मरते, युद्धाने नव्हे. आक्षेप अगदीच पोकळ नाही. शेवटच्या पत्रांत लेखक रूढ शोकात्म प्रेमकथेच्या फार जवळ जातो, असे मलाही वाटते. तथापि जिला परत जाण्यास घर नाही आणि जिच्यापुढचे गाव म्हणजे नकाशावरील केवळ एक नाव, तिच्या दृष्टीने प्रियकर आणि बंदर या दोन वेगळ्या गोष्टी कशा राहणार? चक्रधर तिचे ऐकून घेतो, आणि त्या काही दिवसांपुरते ते ऐकणे हेच तिचे वसतिस्थान होते. तो उतरतो तेव्हा ते जाते. शिवाय तिचे सारे बोलणे आपल्यापर्यंत येते ते त्याच्याच मुखातून. आणि हा निवेदक स्वतः दुखावलेला, आत्मकेंद्री, प्रसंगी क्रूरही आहे. निर्वासिताची साक्ष नेहमी दुसऱ्याच्या भाषेतून गाळून येते. दुभाष्यामार्फत रुग्णाशी बोलणाऱ्या वैद्याने हे प्रकरण अवश्य वाचावे.

बोटीवर जे घडू शकले नाही त्याचे निराळे रूप आपल्याच प्रदेशात पाहावयास मिळते. गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यातील प्रतापगडानजीक, नोरग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. ती १९७२ साली वसली. तेव्हा हा भाग भंडारा जिल्ह्यात होता. दलाई लामा १९५९ च्या मार्चमध्ये भारतात आले, त्यांच्या मागोमाग आलेल्या असंख्य तिबेटींनी आरंभी हिमालयातील रस्त्यांची कामे केली, आणि मग थंड पठारावरील ही माणसे निरनिराळ्या प्रांतांत विखुरली. त्यांतली काही या धानाच्या, उन्हाने भाजणाऱ्या मुलुखात आली. एकाच भाषेची, एकाच उपासनेची माणसे एकत्र वसविली गेली, हे येथील विशेष होय. तिबेटी वैद्यकात प्राणवायूच्या बिघाडाला ‘सोक-लुङ’ म्हणतात. धास्ती आणि निद्रानाश ही त्याची लक्षणे होत. म्हणजे दुःखाला नाव होते, आणि ते नाव ओळखणारा शेजारीही होता.

धरमशाळेस नव्याने आलेल्या तिबेटींची पाहणी २००८ साली प्रसिद्ध झाली. छळ सोसलेले लोक त्यांत असूनही मनोविकाराची लक्षणे अपेक्षेहून कमी आढळली, आणि धर्माचरण हा त्यांचा प्रमुख आधार दिसला. हा निष्कर्ष मी सावधपणे घेतो. प्रश्नावली दुसऱ्या संस्कृतीत तयार झाली असेल तर तिला न सापडलेले दुःख नव्हतेच, असे म्हणता येत नाही. वसाहतीचे गोडवे गाण्याचेही कारण नाही. हिवाळ्यात स्वेटरच्या व्यापारासाठी तिबेटी कुटुंबे शहरोशहरी जातात, तरुण शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी बाहेर पडतात. अशा वेळी मागे राहिलेल्या म्हाताऱ्याचे ऐकावयास कोण उरते? २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचाराचा हक्क दिला आहे, पण तो हक्क मराठी वा हिंदी बोलणाऱ्या डॉक्टरपुढे तिबेटी भाषेत कसा मागावयाचा, हे कायद्यात लिहिलेले नाही.

हॅर्टाचे शांघाय कादंबरीत येत नाही. वस्तुतः त्या शहरात सुमारे वीस हजार ज्यू पोहोचले. १९४३ साली जपान्यांनी त्यांना हाँगक्यूच्या एका कोंदट वस्तीत डांबले, तरी बहुसंख्य वाचले, आणि त्या वस्तीत त्यांनी शाळा, वृत्तपत्रे, नाटके चालविली. १९३९ साली लिहिणाऱ्या बेडेकरांना हे ठाऊक असणे शक्य नव्हते.