बार झाल्यानंतर

'अ‍ॅना कॅरेनिना'च्या सहाव्या भागात लेव्हिन पाणलाव्यांच्या शिकारीवरून मुक्कामी परततो, ती पाने त्या कादंबरीतल्या सर्वांत आनंदी पानांपैकी आहेत. सकाळचे नऊ वाजून गेले आहेत. तीसेक व्हर्स्ट, म्हणजे सुमारे ३२ किलोमीटर, दलदल तुडवून झाली आहे. पिशवीत १९ पक्षी आहेत आणि पिशवीत न मावलेले एक बदक कमरपट्ट्याला बांधलेले आहे. लेव्हिन दमलेला, भुकेलेला आणि खूश आहे. वाटेत त्याच्या डोक्यात सोबत आणलेल्या भरल्या पावांखेरीज दुसरे काही नाही. लास्काला, त्याच्या कुत्रीला, जसा पक्ष्यांचा वास लागतो तसा त्याला त्यांचा वास लागतो, असे टॉलस्टॉय लिहितो. आणि येऊन पाहतो तो काय, पाहुणा व्हासेन्का सगळे फस्त करून बसलेला. लेव्हिनला रडू येईल असे वाटते. मग थरथरत्या आवाजात, व्हासेन्काकडे पाहायचे टाळत, तो फिलिपला सांगतो की पक्ष्यांची आतडी काढ, आत नेटलचा पाला भर, आणि माझ्यासाठी निदान दूध तरी माग.

या एका हुकुमापाशी मी प्रत्येक वाचनात थांबतो. शिकारीच्या साहित्यात इतका खरा तपशील क्वचित सापडतो, आणि तो इतक्या घाईने टाकून दिलेलाही क्वचित सापडतो.

नेटल म्हणजे अंगाला लागली की आग करणारी ती खाजरी वनस्पती. गढवाल-कुमाऊंकडच्या वाचकांना ती बिच्छू घास म्हणून ठाऊक आहे. दिवस उन्हाळ्याचे आहेत. मारलेला पक्षी आतून ऊब धरून असतो आणि सडायला सुरुवात पोटापासून होते. आतडे काढले, पोकळीत हिरवा पाला कोंबला की मांस गार राहते, माश्या बसत नाहीत, घरी पोचेपर्यंत पक्षी टिकतो. टॉलस्टॉयला हे माहीत होते. तो स्वतः शिकारी होता. ज्याने ते केलेले किंवा जवळून पाहिलेले नाही त्याला 'पाला भर' सुचणारच नाही. पण हे काम तो आपल्याला दाखवत नाही. याच भागात एक आख्खे प्रकरण लास्काच्या डोक्यात शिरते. तिला वास कुठून येतो, मालक चुकीच्या दिशेला पाठवतो तेव्हा तिची कशी कुचंबणा होते, हे आपल्याला तिच्या बाजूने कळते. कुत्रीच्या मनात शिरणारा हा लेखक फिलिपच्या बोटांपर्यंत जात नाही. जगातल्या सर्वांत उदार नजरेच्या कादंबरीकाराविषयी हे म्हणताना मला संकोच वाटतो, पण ते खरे आहे.

याला एक उत्तर आहे आणि ते हलके नाही. प्रसंग भुकेचा आहे, अपमानाचा आहे. फिलिप सुरी घेऊन बसला असता तर लेव्हिनचा तो बालिश राग निसटला असता. पुढे पोटभर दूध प्यायल्यावर त्याला आपल्याच रागाचे हसू येते. ती लय बिघडली असती. मान्य. शिवाय टॉलस्टॉयने मेलेल्या पक्ष्यांकडे पाहण्याचे टाळलेले नाही. उडताना ऐटदार दिसणारे ते पाणलावे आता आखडलेले, सुकलेले, रक्त लागलेले, माना एका बाजूला वळलेले आहेत, हे तो लेव्हिनच्या आनंदाच्या भरातच नोंदवतो. माझा प्रश्न टॉलस्टॉयच्या चुकीचा नाही, सवयीचा आहे. शिकारीचे गद्य बंदुकीबरोबर चालते. बार होतो, पक्षी पडतो, कुत्रे धावते, आणि मग परिच्छेद बदलतो. पुढच्या परिच्छेदात ताटात मांस असते किंवा संध्याकाळचे आकाश असते. मधला अर्धा तास कुणाचा होता?

तो अर्धा तास काय असतो हे थोडे सांगितले पाहिजे, कारण आजच्या बहुतेक वाचकांनी तो पाहिलेला नाही. ससा मारल्याबरोबर त्याचे पोट खालच्या बाजूला दाबून मूत्र काढून टाकावे लागते, नाहीतर मागच्या मांड्यांना वास लागतो. पोट चिरताना सुरीचे टोक वर ठेवायचे, आतड्याला भोक पडू द्यायचे नाही. पित्ताची पिशवी फुटली तर काळीज कडू. काळजावर पांढरे ठिपके दिसले तर जाणता माणूस तो ससा खात नाही. पक्ष्याची पिसे अंग गरम असेपर्यंत सहज निघतात, गार झाल्यावर कातडी फाटते. गळ्यातली दाण्याची पिशवी आधी काढायची. तीत त्या पक्ष्याने सकाळी काय टिपले ते सापडते. हे सगळे घड्याळाशी, उन्हाशी, माश्यांशी शर्यत लावून. युरोपच्या थंडीत ही शर्यत नसे, म्हणूनच ब्रिया-सावारँ १८२५ साली फेझंट पक्षी पिसांसकट टांगून ठेवून मुरवण्याची थोरवी गाऊ शकला. मराठवाड्यातल्या मार्चमध्ये तसे करून पाहावे!

तुर्गेनेव्ह या बाबतीत टॉलस्टॉयपेक्षा जास्त सावध आहे. १८५२ साली पुस्तकरूपाने आलेल्या त्याच्या शिकारी-चित्रांत येर्मोलाय नावाचा भूदास आहे. मालकाचा त्याला हुकूम एवढाच, की दर महिन्याला स्वयंपाकघरात ग्राउसच्या आणि तित्तिरांच्या दोन जोड्या पोचवायच्या. मग तो कुठेही राहो, कसाही जगो. शिकार येथे छंद नाही, खंड आहे. तुर्गेनेव्ह वर हेही सांगतो की जुन्या वळणाच्या जमीनदारांना असले पक्षी आवडतच नाहीत. वाढदिवसासारख्या प्रसंगी त्यांचे आचारी लांब चोचीच्या पक्ष्यांना असले चमत्कारिक रस्से करतात, की पाहुणे नुसते पाहत बसतात, खायला धजत नाहीत. वसुलीची बाजू आली, ताटाची बाजू आली, तीही हसत हसत. सुरी अजून नाही. पण पक्षी कुणाच्या कष्टाने कुणाच्या ताटात जातो हे लपलेले राहत नाही. माझ्या मते ही चित्रे आजही ताजी वाटतात ती निसर्गवर्णनांपेक्षा या हिशेबामुळे.

सुरी दिसते ती नोकर नसलेल्या माणसाच्या हातात. हेमिंग्वेच्या १९२५ सालच्या 'बिग टू-हार्टेड रिव्हर' या कथेत निक एकटा आहे. पकडलेले दोन ट्राउट मासे तो ओंडक्याजवळ साफ करतो. मासा म्हणजे ससा नव्हे, पण काम तेच. खालच्या भोकापासून जबड्यापर्यंत एक चीर, आतडी, कल्ले, जीभ एकसंध बाहेर. दोन्ही नर, पोटातल्या करड्या-पांढऱ्या पट्ट्या गुळगुळीत, स्वच्छ. घाण तो काठावर फेकतो, मिंकांना सापडेल म्हणून. धुतलेले मासे पाण्यात धरले तर जिवंत दिसतात, रंग अजून गेलेला नाही. मग हात धुणे, ओंडक्याला पुसणे, लाकडात रोवलेली सुरी काढणे. युद्धावरून परतलेल्या या तरुणाविषयी कथेत युद्धाचा शब्द नाही, आणि तरी ज्याने पोटातून बाहेर आलेल्या गोष्टी पाहिल्या असतील त्याला येथे सगळे जागच्या जागी, स्वच्छ, एकसंध निघताना पाहून केवढा दिलासा मिळत असेल हे आपल्याला कळते. म्हणून हा तपशील तेथे हवा आहे.

त्याच्या अनुकरणात जे आले, त्याविषयी माझे मत वाईट आहे. इंग्रजीत आणि आता आपल्या भाषांतही कोथळा काढण्याचा प्रसंग लेखकाच्या धीटपणाचा दाखला म्हणून घातला जातो. रक्त भरपूर, क्रियापदे मोजकी. तो ससा कोण खाणार, किती जणांत, कातडे कुणाकडे जाणार, हे त्या कथांत विचारू नये.

आपल्याकडे मात्र हाच प्रश्न पहिला आहे. 'गोदान'मध्ये (१९३६) शिकारीला निघालेल्या बड्या मंडळींच्या टोळ्या होतात. मेहतांनी मारलेला पक्षी नदीत पडतो, आणि रानातली एक मुलगी पाण्यात उडी घेऊन तो काढून आणते. दुसऱ्या टोळीत मिर्झा खुर्शेद हरीण मारतात, ते खांद्यावर वाहतो एक गरीब गावकरी, आणि मिर्झा ते त्याच्या गावालाच देऊन टाकतात. गावात जेवणावळ होते. प्रेमचंदांना नेमके ठाऊक आहे की मारणारा एक, उचलणारा दुसरा, खाणारा तिसरा. पण पक्षी आणणाऱ्या मुलीपाशी कादंबरी मालतीच्या मत्सरात गुंतते, आणि हरणापाशी मिर्झांच्या दिलदारपणात. ते हरीण सोलले कुणी? गावात हे काम कुणाचे, हे प्रेमचंदांच्या वाचकाला सांगावे लागत नव्हते, म्हणून बहुधा सांगितले नाही. रशियात हुकूम तरी उच्चारावा लागला. आपल्याकडे जातीने तो आधीच देऊन ठेवलेला होता.

या शांततेत एक जुना अपवाद आहे आणि तो, गंमत म्हणजे, राजाच्या नावावर आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा बाराव्या शतकातला 'मानसोल्लास' मराठी अभ्यासकांना त्यातल्या जुन्या मराठी पदांमुळे माहीत असतो. ग्रंथाच्या पाच विंशती. मृगया येते विनोदांत, अन्न येते उपभोगांत. मारणे एका कप्प्यात, खाणे दुसऱ्या. पण अन्नाच्या प्रकरणात शेतात आणि नदीकाठी वाढलेल्या उंदराची कृती आहे. शेपटीला धरून तो कढत तेलात बुडवायचा, केस निघेपर्यंत. कढत पाण्याने धुवायचा. पोट चिरायचे. मग आवळा आणि मीठ घालून शिजवायचे, नाहीतर लोखंडी सळीला लावून निखाऱ्यावर भाजायचे. येथे कर्ता नाही, नुसती क्रियापदे आहेत. पण शेपूट धरणाऱ्या हाताशिवाय ती लिहिलीच गेली नसती. राजाने ती कृती कुणाच्या तरी तोंडून ऐकली असणार. शेतातला उंदीर कसा सोलायचा हे ज्ञान तेव्हा राजवाड्याच्या ग्रंथात मानाने बसू शकले. पुढे तोच उंदीर खाणे बिहारच्या मुसहरांची ओळख आणि शिवी झाली.

फासे लावून तित्तिर, लावा, ससा धरणाऱ्या पारध्यांचे असेच. १८७१च्या कायद्याने जन्माने गुन्हेगार ठरवण्याची जी पद्धत सुरू झाली तिच्यात ते सापडले, १९५२ साली कागदावर मोकळे झाले, आणि १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर त्यांचे पोटापाण्याचे कामच गुन्हा ठरले. कायदा हवाच होता. माळराने आणि त्यांवरचे पक्षी ज्या वेगाने गेले ते पाहता त्यावर माझा वाद नाही. साहित्यापुरते एवढेच, की बंदूकवाल्यांची शिकार बंद झाली तेव्हा तिच्या आठवणींची पुस्तके उरली. फासेवाल्यांची बंद झाली तेव्हा शब्दही जायला लागले. व्यंकटेश माडगूळकरांसारखा लेखक बंदूक बाजूला ठेवून नुसता पाहू लागला, आणि त्याचा मराठीला मोठा लाभ झाला. सुरी बाजूला ठेवावी लागलेल्यांकडे लेखणी उशिरा आली.

आली तेव्हा तिने प्राण्याचे भाग नावानिशी सांगितले. शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) शिकारीचे पुस्तक नाही. मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या अन्नाचे आहे. पण जनावराच्या कुठल्या भागाचे काय करायचे, मांसाच्या चान्या करून त्या कशा टिकवायच्या, हे त्यात ज्या सहजतेने येते ती सहजता शिकारकथांत मी शोधत राहिलो आणि मिळाली नाही. पुस्तक आता इंग्रजीतही आले आहे. अनुवादकाला किती शब्दांशी झुंजावे लागले असेल, हे या नियतकालिकाच्या वाचकांना सांगायला नको.

अनुवादाचा विषय निघालाच आहे तर फिलिपकडे परत जाऊ. लेव्हिनच्या तोंडचे रशियन क्रियापद थेट आतड्यांवरून आलेले आहे. इंग्रजीत 'क्लीन' आणि 'ड्रेस' ही क्रियापदे हाताशी असतात. कातडे उतरवण्याला कपडे चढवण्याचा शब्द वापरणारी ही भाषा मला नेहमीच गमतीदार वाटली आहे. मराठी अनुवादक सवयीने 'साफ कर' लिहील. चूक नाही, खाटकाच्या दुकानातही आपण तेच म्हणतो. पण 'साफ' या शब्दात घाण कुणाच्या वाट्याला गेली ते पुसले जाते, आणि आपल्या समाजात तर ते फारच सहज पुसले जाते. मी असतो तर 'आतडी काढ आणि पाला भर' असे लिहिले असते. लेव्हिनचा आवाज त्यात जरा रांगडा होईल, पण तो रागावलेला आणि उपाशी आहे. त्याच्यासाठी दूध येते, ते पिऊन तो हसतो, आणि तेवढ्या वेळात आवारात कुठेतरी १९ पाणलावे आणि एक बदक उरकायचे असते.