सोलापूरची पारख

बँकॉकहून बाजारांची एक दिवसाची सहल निघते. सकाळी मेक्लाँग. तिथे रुळांना खेटून मांडलेली भाजी गाडीची शिट्टी ऐकली की छपरांसकट मागे ओढली जाते आणि शेवटचा डबा गेला की पुन्हा जागेवर येते. मग दामनेन सादुआकचा तरंगता बाजार. चौथ्या राम राजाच्या काळात, 1866 साली, खोदायला घेतलेल्या कालव्यावर तो भरतो. मराठी मंडळी हल्ली हौसेनं जातात, आणि जावंच. मात्र त्या सहलीत गाइड बोट दाखवील तिकडे बघायचं असतं, आणि नुसतं बघून बाजार कधी कळत नाही. सोलापुरात असा एक दिवस काढायचा ठरला, तर सनावळ्या पाठ असलेला गाइड मी घेणार नाही. वर्षाचं धान्य स्वतः पारखून भरणारी, दुकानदार जिला जरा वचकून असतात अशी एखादी अक्का गाठीन आणि तिची पिशवी धरून मागे मागे चालेन.

सुरुवात हैदराबाद रोडवरच्या मार्केट यार्डातून. डिसेंबर-जानेवारीत कांद्याच्या ट्रकांची रांग यार्डाबाहेर रस्त्यावर येते. पाहुण्याला तिथे धूळ, गोणी आणि लिलावाचा गलका एवढंच दिसतं. जाणत्यानं बघायचा तो खरेदीदाराचा हात. वरचा थर शेतकऱ्यानं सजवलेला असणार, हे त्याला ठाऊक असतं. म्हणून हात थेट गोणीच्या पोटात जातो. मूठभर कांदे बाहेर येतात. त्यांत जोडकांदा किती, डेंगळा किती, गोल्टी किती, हे एका नजरेत होतं. मग अंगठा कांद्याच्या मानेवर. मान मऊ लागली की आत ओल आहे, माल टिकायचा नाही. हे सगळं दोन श्वासांत उरकतं आणि भाव पुकारला जातो. शेतकरी त्या वेळी व्यापाऱ्याच्या तोंडाकडे बघत नाही, अंगठ्याकडे बघतो. या बाजारातला सगळ्यात नाट्यमय क्षण मला हाच वाटतो.

भुसार दुकानात परीक्षा दातांकडे जाते. मालदांडी ज्वारीचे चार दाणे तोंडात टाकून अक्का थांबते. कट्ट आवाज आला तर दाणा वाळलेला. दाताखाली दबला तर पुढच्या दुकानात. जिल्ह्यातल्याच मोहोळच्या संशोधन केंद्रानं स्थानिक मालदांडीतून निवडलेला एम 35-1 हा वाण आज रब्बी ज्वारीचा मानदंड आहे आणि मंगळवेढ्याच्या मालदांडीला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. तिथली काळी जमीन पावसाळ्याची ओल धरून ठेवते आणि पीक तेवढ्यावर निघतं. दामाजीपंतांनी दुष्काळात कोठारं उघडली ती याच मंगळवेढ्यात. आत ज्वारीच असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

चाटी गल्लीत मात्र घाई करू नये. दुकानदार अक्कलकोटच्या गिऱ्हाइकाशी कानडीत, पूर्व भागातल्या मागवाल्याशी तेलुगूत आणि आपल्याशी मराठीत बोलतो. भाव तिन्ही भाषांत सारखाच घट्ट. चादर तो झटकून पसरतो, ती उजव्या बाजूनं. रसिकानं ती उलटायची. अस्सल जेकार्ड चादरीला उलटी बाजू अशी नसतेच: इकडे तांबड्यावर पांढरा मोर असेल, तर तिकडे पांढऱ्यावर तांबडा. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी पूर्व भागात घराघरांत माग टाकले, आणि हे दुहेरी विणकाम तिथे मुलांच्या अंगवळणी पडलं. मग चादर घडी करून तळहातावर तोलायची. सूत जाड असतं, वजन जाणवलंच पाहिजे. पहिल्यांदा अंगाला थोडी खरखरते. धुण्यागणिक मऊ होते. दुकानातच लोण्यासारखी मऊ लागणारी चादर मी घेत नाही. ‘सोलापुरी’ शिक्का मारून बाहेरगावचा मिश्र धाग्याचा माल सर्रास विकला जातो. संशय आला तर काठाचा एक दोरा मागून घ्यावा आणि काडी लावावी. सूत कागदासारखं जळून राख होतं, कृत्रिम धागा वितळून त्याची गोळी होते. दुकानदार चिडला तर चिडू द्यावा. खरा माल ठेवणारा बहुधा काडेपेटी स्वतःच पुढे करतो.

जानेवारीत आलात, तर सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेनिमित्त रेवणसिद्धेश्वर मंदिराच्या परिसरात भरणारा जनावरांचा बाजार चुकवू नका. होम मैदानावरचे पाळणे, खेळण्यांची दुकानं रात्रीसाठी ठेवा. इथे खिलारांची तोंडं उघडून दात बघितले जातात: आदत, दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेला. मग खूर, मग अंगावरचे भोवरे. बैल चालवून बघतात, कारण उभ्या बैलावर भाळणारा फसतो. जुन्या पद्धतीचा सौदा असेल, तर दोन हात उपरण्याखाली जातात आणि बोटं दाबून आकडा ठरतो. भोवती पन्नास माणसं असतात आणि भाव दोघांनाच कळतो. ऑनलाइन खरेदीतल्या ‘गोपनीयते’च्या गप्पा मला इथे आठवतात आणि हसू येतं.

दुपारपर्यंत भूक लागलेली असते. शेंगाचटणी घ्यायची ती चिमटीत दाबून. कुटलेली असेल तर तेल सुटून बोटांना लागतं आणि चटणीचा गोळा होतो. मिक्सरमधली भुसभुशीत राहते, तिच्यात लसणाचा उग्रपणा वर तरंगतो. जेवायला बाजार आमटी. आठवडी बाजाराला आलेली मंडळी तिथल्याच निरनिराळ्या डाळी आणि मसाला घेऊन ती रांधत, असं सोलापूर-बार्शीकडे सांगतात. ती पातळच हवी, झणझणीत हवी. कडक भाकरी तिच्यात कुस्करायची, पण पूर्ण भिजेपर्यंत थांबायचं नाही. मधूनमधून एखादा तुकडा दाताखाली कुडकुडला पाहिजे. वर लोणी घालून आणली तर अक्का वाटी परत पाठवते, आणि मी तिच्या बाजूचा.