वर्णव्यत्यय : हाताचा, लिपीचा आणि जिभेचा

टंकलेखन करताना अक्षरांची अदलाबदल होते, ही गोष्ट इतकी परिचयाची आहे की तिचा स्वतंत्र विचार करावा असे सहसा कोणास वाटत नाही. ‘कागद’च्या जागी ‘कगाद’ उमटते, मुद्रितशोधक उलटापालटीची खूण करतो आणि विषय तेथेच संपतो. असा दोष निष्काळजीपणाच्या खात्यावर टाकण्याची आपली रीत आहे. प्रस्तुत लेखाचे म्हणणे वेगळे आहे. ज्याला आपण सरसकट ‘अक्षरांची अदलाबदल’ म्हणतो, ती किमान तीन निरनिराळ्या कारणांनी घडते. काही वेळा ती हाताची असते, काही वेळा लिपीची, तर काही वेळा खुद्द भाषेची. संहिता सिद्ध करणाऱ्याने हा भेद केला नाही, तर दुरुस्तीच्या नावाखाली पुरावाच पुसला जातो. कारंज्याच्या हस्तलिखित-भांडारांचा वारसा सांगणाऱ्या आणि वऱ्हाडी बोलीत कथा-कविता लिहिणाऱ्या वाशिमसारख्या प्रदेशात हा प्रश्न केवळ तांत्रिक राहत नाही.

प्रथम हाताचा विचार करू. एक हालचाल पुढच्या हालचालीला चालना देते आणि अशा साखळीतून शब्द उमटतो, अशी जुनी समजूत होती. कार्ल लॅशली या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५१ साली प्रसिद्ध झालेल्या, वर्तनातील अनुक्रमाच्या प्रश्नावरील निबंधात ती खोडून काढली. नंतर यावयाचे अक्षर आधीच उमटते, याचा अर्थ ते अक्षर आधीपासून मनात सिद्ध असते. संपूर्ण शब्द अगोदर जागा होतो आणि त्याच्या घटकांना क्रम देण्याचे काम वेगळे चालते. रुमेलहार्ट आणि नॉर्मन यांनी १९८२ साली टंकलेखकाच्या कृतीची जी संगणकीय प्रतिकृती मांडली, तिच्यात एका शब्दाची अनेक अक्षरे एकाच वेळी उद्युक्त असतात आणि बोटे आपापल्या अक्षराकडे समांतरपणे निघालेली असतात. म्हणूनच अदलाबदल बहुधा दोन भिन्न हातांनी दाबावयाच्या अक्षरांत होते. एक हात आपल्या पाळीची वाट न पाहता पुढे जातो. ही चूक अज्ञानाची नव्हे. शब्द पुरता ठाऊक असल्याशिवाय ती घडूच शकत नाही.

हे निष्कर्ष रोमन लिपीवरून निघालेले आहेत. मराठीला ते लागू करताना आपल्या कळफलकाची रचना ध्यानात घ्यावी लागते. १९८६ साली सिद्ध झालेल्या आणि १९९१च्या भारतीय मानकात समाविष्ट झालेल्या इन्स्क्रिप्ट कळफलकात स्वर व मात्रा डाव्या हाताला आहेत. म, न, व असे काही अपवाद वगळता व्यंजने उजव्या हाताला आहेत. म्हणजे आपल्या लिपीतील जवळजवळ प्रत्येक अक्षरागणिक हात बदलतो आणि अदलाबदलीची शक्यताही तितक्याच वेळा निर्माण होते. ‘कागद’ लिहिताना उजव्या हाताचा ‘ग’ डाव्या हाताच्या कान्याच्या आधी पोचला, की कान्याला ‘क’ सापडत नाही. तो ‘ग’ला जाऊन चिकटतो. मराठीत भटकते ती बहुधा मात्रा. क्वचित या भटकण्यातून दुसरा अर्थपूर्ण शब्दही जन्मास येतो. ‘माळ’ लिहावयास जावे आणि ‘मळा’ उमटावा. एक बरड, दुसरा बागायती. आणि शब्दकोशाच्या दृष्टीने दोन्ही शुद्ध.

दुसरा व्यत्यय लिपीचा. आपला ऱ्हस्व इकार उच्चारात व्यंजनानंतर येतो, पण लेखनात त्याच्या आधी उभा राहतो. देवनागरीने हा व्यत्यय फार पूर्वीच पचविला आहे, त्यामुळे तो आपणास जाणवत नाही. यंत्राने मात्र तो पुन्हा उघडा केला. रेमिंग्टन पद्धतीच्या टंकयंत्रावर दृश्य क्रम पाळावा लागे, म्हणजे वेलांटी आधी आणि अक्षर नंतर. इन्स्क्रिप्टने उच्चारक्रम स्वीकारला. युनिकोडमध्येही वेलांटी व्यंजनानंतरच साठविली जाते आणि पडद्यावर तेवढी आधी काढली जाते. जुन्या यंत्रावर बोटे तयार झालेला मनुष्य नव्या कळफलकावर ‘कविता’ लिहितो, तेव्हा ‘किवता’ उमटण्याचा संभव असतो. येथे ‘व’ आणि वेलांटी या दोन्ही कळा डाव्याच हाताच्या आहेत. तेव्हा दोन हातांच्या शर्यतीने या चुकीचा उलगडा होत नाही. तिच्यामागे दोन लेखनव्यवस्थांचा संघर्ष आहे. एकाच पानावर ‘कगाद’ आणि ‘किवता’ आढळले, तर मुद्रितशोधकासाठी त्या दोन सारख्याच चुका असतील. समीक्षकासाठी त्यांचा इतिहास निराळा आहे.

या ठिकाणी मनोविश्लेषणाचा मोह टाळणे आवश्यक आहे. मेरिंगर आणि मायर यांनी १८९५ साली बोलण्या-वाचण्यातील चुकांचा संग्रह प्रसिद्ध केला. फ्रॉइडने १९०१ साली अशा स्खलनांमागे दडपलेली इच्छा शोधली. आपल्याकडील समीक्षेला ही कल्पना फार भावली. कोरडवाहू शेतकऱ्याच्या कथेत ‘माळ’चा ‘मळा’ झालेला दिसताच ओलिताची अतृप्त आकांक्षा वाचण्यास आपण तत्पर असू. सेबास्तियानो तिंपानारो या इटालियन संहितासमीक्षकाने १९७४ साली फ्रॉइडला दिलेले उत्तर अशा वेळी आठवावे. फ्रॉइडने गूढ ठरविलेली कित्येक स्खलने नकलकारांच्या प्रतींत नित्य आढळतात, अपरिचित रूपाच्या जागी परिचित रूप येणे ही त्यांची साधी रीत आहे, असा त्याचा युक्तिवाद होता. अंतर्मनाकडे जाण्यापूर्वी हात, डोळा आणि सवय यांचा हिशेब पुरा करावा, एवढे पथ्य त्यातून घेता येते. ‘मळा’ उमटण्यास डावा हात किंचित मागे राहणे पुरेसे असते.

तिसरा व्यत्यय जिभेचा, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा. पतंजलीने महाभाष्यात वर्णांना स्वतंत्र अर्थ असतो काय, याची चर्चा करताना वर्णव्यत्ययाचा दाखला घेतला आहे. ‘हिंस्’ धातूपासून ‘सिंह’ होतो. वर्ण उलटले, अर्थ उलटला नाही. त्याच चर्चेत दुसरी बाजूही येते : ‘कूप’, ‘सूप’, ‘यूप’ यांत एकच वर्ण बदलतो आणि अर्थ पार पालटतो. ‘कगाद’ वाचूनही आपणास ‘कागद’च कळतो, याचे कारण पहिल्या बाजूत आहे, ‘मळा’ वाचून आपण फसतो, याचे कारण दुसऱ्या. बाराव्या शतकात हेमचंद्राने प्राकृत व्याकरणात अशा व्यत्ययांना चक्क नियमाचे स्थान दिले. वाराणसीत र आणि ण यांची अदलाबदल, लघुकाचे ‘हलुअ’ (आपला ‘हलका’ याच वाटेने आलेला), महाराष्ट्राचे ‘मरहट्ठ’, आणि वऱ्हाडातील अचलपूरचे ‘अलचपूर’. इंग्रजी अमदानीतील कागदपत्रांत एलिचपूर म्हणून वावरलेले नाव या रूपाशीच जुळते. आज कोणी अहवालात ‘अलचपूर’ टंकित केले, तर ती चूक ठरेल. मात्र व्याकरणकाराने तेच रूप सूत्रात बांधले होते. चूक आणि नियम यांतील अंतर वर्णांच्या क्रमात नसते. ते समाजाच्या स्वीकारात असते.

आजच्या बोलीतील ‘नुसकान’ किंवा ‘मतबल’ ही रूपे याच वर्गातील आहेत. ती ओळखण्याची कसोटी साधी आहे. साधन बदलताच हाताची चूक बदलते किंवा नाहीशी होते. जिभेचा व्यत्यय बोरूने लिहा, खिळ्यांनी जुळवा वा कळफलकावर उमटवा, तसाच राहतो. शिवाय ‘क’ आणि ‘स’ या दोन्ही कळा इन्स्क्रिप्टमध्ये उजव्याच हाताच्या आहेत. ‘नुसकान’चा उगम कळफलकात शोधणे त्यामुळेही व्यर्थ ठरते.

हा भेद कोठे उपयोगी पडतो, हे कारंज्याच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. येथील जैन मंदिरांच्या भांडारांतील ग्रंथांची नोंद रायबहादूर हिरालाल यांच्या १९२६ सालच्या सूचीत झाली. पुढे प. ल. वैद्य यांनी संपादिलेले ‘जसहरचरिउ’ कारंजा जैन ग्रंथमालेत १९३१ साली, आणि हिरालाल जैन यांनी संपादिलेले ‘णायकुमारचरिउ’ १९३३ साली प्रसिद्ध झाले. अपभ्रंशाच्या संपादकापुढील अडचण अशी की, ज्या भाषेने व्यत्यय अंगीकारला आहे, तिची हस्तलिखिते संस्कृत जाणणारा नकलकार उतरवितो. उलटलेले रूप त्याला चुकीचे वाटले, तर तो ते ‘सुधारतो’. म्हणून दोन पाठांपैकी अवघड पाठ प्राचीन मानण्याकडे संपादकाचा कल असतो. परंतु तोच अवघड पाठ एखाद्या थकलेल्या हाताचा प्रमादही असू शकतो. कोणताही एक नियम येथे पुरत नाही. प्रत्येक वेळी, हा व्यत्यय कोणाचा, हेच विचारावे लागते.

पूर्वीच्या नकलकाराची सुधारणा निदान दुसऱ्या प्रतीशी ताडून पकडता येत असे. आज हे सुधारण्याचे काम टंकित होता होताच यंत्र करते, तेही सर्व प्रतींत एकसारखे आणि पाठभेद मागे न ठेवता. वऱ्हाडी कथेतील ‘नुसकान’ला ते लाल रेघ ओढते किंवा परस्पर ‘नुकसान’ करून टाकते. ‘माळ’चा ‘मळा’ झाला, तर त्याची त्याला दखलही नसते. जेथे भाषा होती तेथे ते दोष पाहते, आणि जेथे दोष आहे तेथे भाषा. यास यंत्राला बोल लावण्याचे कारण नाही. प्रमाण शब्दांच्या यादीवरून तोलले की याहून वेगळे घडणार नाही. दोष आहे तो त्याच्या निकालाला संपादन समजण्याचा.

तेव्हा बोलीतील लेखनाच्या संपादकाने दोन गोष्टी कराव्यात. लेखकाची पहिली टंकित प्रत, तिच्यातील सर्व उलटापालटींसह, जपून ठेवावी. आणि प्रत्येक व्यत्यय दुरुस्त करण्यापूर्वी त्या दोन कळा कोणत्या हाताच्या, लेखकाची बोटे कोणत्या यंत्रावर तयार झाली आणि हे रूप त्याच्या गावी बोलले जाते काय, असे तीन प्रश्न विचारावेत. पहिल्या दोहोंची उत्तरे कळफलक आणि लेखकाची सवय देतील. तिसऱ्यासाठी मात्र गावात जाऊन ऐकावे लागेल.