गवती निळी फुलपाखरे : प्रजाती एक की चार?

भंडारा जिल्ह्यात भाताच्या बांध्यांच्या धुऱ्यांवर आणि तलावांच्या पाळींवर नखाएवढी निळी फुलपाखरे जमिनीलगत उडताना दिसतात. त्यांतील चार विदर्भात सर्वसाधारण असून फिके, गडद, लहान व अतिलघु अशा विशेषणांनी ती ओळखली जातात. इंग्रजी लोकभाषेत या चौघांनाही 'ग्रास ब्लू' हे एकच आडनाव आहे. त्यांच्याविषयी मराठीत लिहिताना 'या गटाच्या चार प्रजाती येथे आढळतात' असे वाक्य सहज लिहिले जाते. या वाक्याचा नेमका अर्थ काय, याची तपासणी करणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

मराठी पाठ्यपुस्तकांत रूढ झालेल्या परिभाषेप्रमाणे 'स्पीशीज' म्हणजे जाती आणि 'जीनस' म्हणजे प्रजाती. अनेक जाती मिळून एक प्रजाती होते. वृत्तपत्री मराठीत मात्र प्रजाती हा शब्द जातीच्या जागी येऊन बसला आहे. याची कारणे दोन दिसतात. एक, हिंदीच्या व्यवहारात 'प्रजाति' हा शब्द स्पीशीजसाठी वापरला जातो, आणि बालाघाटला लागून असलेल्या या जिल्ह्यात त्या व्यवहाराचा प्रभाव स्वाभाविक होय. दुसरे, 'जाती' या शब्दाला चिकटलेला सामाजिक अर्थ टाळण्याची लेखकांची प्रवृत्ती. कारणे काहीही असोत, परिणाम असा की वर्गीकरणाची एक संपूर्ण पायरी भाषेतून नाहीशी होते.

या चौघांच्या वर्गीकरणाचा इतिहास पाहिला म्हणजे या लोपाचे गांभीर्य ध्यानी येते. १९०७ मध्ये बिंगहॅम यांनी 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' या ग्रंथमालेत ही चारही फुलपाखरे मूर यांच्या 'झिझेरा' या एकाच प्रजातीत ठेवली. १९१० मध्ये चॅपमन यांनी नरांच्या जननेंद्रियांची रचना तपासून दोन गोष्टी दाखविल्या. पहिली, झिझेरा या नावाची नमुना-जाती युरोपातील 'आल्सस' ही असून तिचा या गटाशी निकटचा संबंध नाही. म्हणून ते नाव नियमानुसार तिच्याबरोबरच गेले पाहिजे. दुसरी, उरलेल्या फुलपाखरांतही एकजिनसीपणा नाही. त्यांनी झिझीरिया, झिझिना व झिझुला अशा तीन प्रजाती केल्या. पुढे १९५५ मध्ये ब्यूरे यांनी फिक्या फुलपाखरासाठी (माहा) 'स्यूडोझिझीरिया' ही प्रजाती वेगळी काढली. झिझीरियात गडद (कारसांद्रा), झिझिनात लहान (ओटिस) आणि झिझुलात अतिलघु (हायलॅक्स) राहिले.

चॅपमन यांच्या परीक्षणाचे बळ निर्विवाद आहे. त्यांच्या नामकरणावर मात्र भाषेच्या अभ्यासकाने एक आक्षेप अवश्य घ्यावा. मूळ प्रजाती मोडावयाची, आणि नवी नावे तिच्याच धातूला प्रत्यय लावून घडवावयाची, यात विसंगती आहे. 'उला' हा लॅटिन लघुत्वदर्शक प्रत्यय सर्वांत लहान फुलपाखराला शोभतो खरा. पण नावांचे हे साधर्म्य वाचकाला सख्ख्या नात्याचा भास करून देते. १९७३ मध्ये एलियट यांनी झिझुलाला झिझीरियापासून निराळ्या विभागात ठेवले. शब्दांचे कुळ एक, वस्तूंचे विभाग निराळे, असा हा प्रकार आहे.

अळ्यांच्या खाद्यवनस्पतीही पाहाव्यात. फिक्याची अळी आंबुशीवर वाढते, गडदाची माठ व सराट्यावर, लहानाची शिंबावंत वनस्पतींवर, तर अतिलघूची तालीमखान्यासारख्या अडुळशाच्या कुलातील वनस्पतींवर. एवढ्याने प्रजातिभेद सिद्ध होत नाही, हे मान्य केले पाहिजे. परंतु चौघांना एक समजून केलेली नोंद किती निरुपयोगी ठरेल, हे त्यावरून स्पष्ट होते.

आता आरंभीच्या वाक्याकडे वळू. 'चार प्रजाती' म्हणजे चार स्पीशीज असे घेतले तरी ते वाक्य खरे, आणि चार जीनस असे घेतले तरी आजच्या वर्गीकरणाप्रमाणे खरेच! या योगायोगामुळे दोष झाकला जातो. पण फुकुशिमा येथील अणुदुर्घटनेच्या परिणामांवरील २०१२ च्या सुप्रसिद्ध जपानी शोधनिबंधात माहा ही जाती झिझीरियातच धरलेली आहे. तो पक्ष स्वीकारला की जाती चार, पण प्रजाती तीनच उरतात. बिंगहॅम यांचा पक्ष घेतला तर प्रजाती एकच. उलट 'ग्रास यलो' म्हटली जाणारी आपल्याकडील पिवळी फुलपाखरे पाहा. हेकाबे, लीटा, ब्रिगिट्टा या साऱ्या युरेमा या एकाच प्रजातीच्या जाती होत. तेथे 'तीन प्रजाती' म्हणणे परिभाषेच्या दृष्टीने सरळ असत्य ठरते. इंग्रजी आडनाव एका ठिकाणी एक प्रजाती दाखविते, दुसऱ्या ठिकाणी चार. तेव्हा त्याच्या अनुवादावर विसंबून पायरी ठरविता येणार नाही.

प्रजाती हा निसर्गात आयता सापडणारा पदार्थ नसून पुराव्यावर आधारलेला निर्णय आहे, आणि तो बदलू शकतो. जातीला प्रजाती म्हणणारी भाषा हा बदल नोंदवूच शकत नाही, कारण बदलणारी आणि स्थिर राहणारी अशा दोन्ही गोष्टींना तिच्यापाशी एकच शब्द असतो. म्हणून जिल्ह्याच्या जीवसृष्टीच्या याद्या मराठीत करणाऱ्या विद्यार्थ्यांनी जाती हा शब्द संकोच न करता वापरावा, 'गवती निळी' हे नाव केवळ रूपावरून दिलेले आहे असे नमूद करावे, आणि प्रजातीचे नाव कोणाच्या मतानुसार घेतले ते सांगावे. एवढी शिस्त पाळली तर मराठीतील यादी पुराव्याच्या योग्यतेस पोहोचेल.