नभोवाणीचा दिवस आणि रागांचा काळ

हिंदुस्थानी संगीतातील समयसिद्धान्ताची चर्चा आजवर बहुधा ग्रंथांच्या आणि मैफलींच्या आधारे झाली आहे. ज्या माध्यमाने हा सिद्धान्त रोजच्या दिनक्रमात उतरविला, त्या नभोवाणीचा विचार त्या चर्चेत क्वचितच आढळतो. १९३६ च्या जूनमध्ये 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव रूढ झाले; त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पं. विष्णु नारायण भातखंडे निवर्तले. हा निव्वळ योगायोग होय. तथापि भातखंड्यांनी 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' या आपल्या मराठी ग्रंथात रागकालाची जी मांडणी केली, ती पुढे नभोवाणीइतकी नेमाने दुसऱ्या कोणी पाळली नाही.

त्या मांडणीचे सूत्र असे : कोमल ऋषभ व शुद्ध गांधार घेणारे संधिप्रकाश राग प्रथम, त्यामागून शुद्ध ऋषभ-धैवताचे, आणि अखेर कोमल गांधार-निषादाचे. हे चक्र अहोरात्रात दोनदा फिरते. भैरवाचा प्रातःकाळ आणि पूर्वीची सायंवेळ यांतील भेद मुख्यतः मध्यम दाखवितो. एका वर्गातून दुसऱ्यात नेणाऱ्या मुलतानी, जयजयवंती अशा रागांना भातखंड्यांनी 'परमेलप्रवेशक' म्हटले. सारांश, राग येथे सुटा नाही. तो दिवसाच्या एका अखंड क्रमातील टप्पा आहे.

हा क्रम मैफलीत कधीच पुरा ऐकू येत नाही. तिकीट लावून होणारे जलसे संध्याकाळी भरू लागले, तेव्हा सारंग आणि भीमपलास यांच्या वेळेला श्रोता कचेरीत असे. रात्रभर चालणाऱ्या संमेलनांत निदान मालकंसापासून पहाटेच्या ललतापर्यंतचा प्रवास घडे. ध्वनिक्षेपकांवर रात्री दहानंतर निर्बंध घालणारे २००० सालचे नियम आल्यावर उघड्या मांडवातील तीही वाट बहुतांशी बंद झाली. यमन, पूरिया, बागेश्री या मोजक्या रागांवर मैफलीचा सारा भार पडला तो यामुळे. नभोवाणीची सकाळची, दुपारची आणि रात्रीची अशा तीन सभांची रचना याच्या अगदी उलट. दुपारी सारंग हवा म्हणून कोणी तरी तो गाइलाच पाहिजे, अशी सक्ती या रचनेने निर्माण केली. कलावंताच्या विद्येचा जो भाग मैफलीने निरुपयोगी ठरविला असता, त्याला तिने काम दिले. ही सेवा लहान नव्हे.

परंतु या निष्ठेच्या पोटात एक विसंगती आहे. आरंभीच्या काळी गायन थेट प्रक्षेपित होई. सकाळची तोडी सकाळीच गावी लागे. ध्वनिमुद्रण सुलभ झाल्यावर कलावंत आपल्या सोयीने, दिवसाउजेडी, बंद खोलीत यमन गाऊन जाऊ लागला आणि ती फीत रात्री वाजू लागली. म्हणजे काळाचा नियम गायकाकडून सुटून श्रोत्याकडे गेला. रागाचा काळ गाणाऱ्याच्या मनःस्थितीत असतो की ऐकणाऱ्याच्या, हा प्रश्न जुन्या शास्त्रकारांना पडण्याचे कारण नव्हते; दोघे एकाच छपराखाली बसत. रंगभूमीवर आणि राजाज्ञेने गाताना कालदोष लागत नाही, एवढी सवलत मात्र त्यांनी देऊन ठेवली होती. मराठी संगीत नाटकाने तिचा यथेच्छ लाभ घेतला. ध्वनिमुद्रणगृहास यांपैकी कोणती सवलत लागू करावी? ते रंगभूमी नव्हे. राजाज्ञेशी मात्र सरकारी कराराचे थोडे साम्य आहे खरे!

दुसरी अडचण घड्याळाची. द्वारका आणि दिब्रुगड यांच्या रेखांशांत सुमारे २६ अंशांचे अंतर आहे. अंशास चार मिनिटे धरली तर सूर्याच्या हिशेबाने पावणेदोन तासांचा फरक पडतो. प्रमाणवेळ मात्र एकच. स्थानिक केंद्र आपल्या गावच्या सांजेला मारवा लावू शकते; तोच राग देशभर सहक्षेपित झाला, तर एकीकडे ऊन असते आणि दुसरीकडे दिवे लागून बराच वेळ झालेला असतो. १९५२ मध्ये सुरू झालेला संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम शनिवारी रात्री होई. रात्र सर्वत्र रात्रच असल्याने तेथे ही अडचण जाणवली नाही. पण त्यायोगे हिंदुस्थानी पद्धतीतील रात्रीच्या रागांना राष्ट्रीय प्रतिष्ठा मिळाली आणि दिवसाचे राग बव्हंशी स्थानिक सभांत राहिले. कर्नाटक पद्धतीत वेळेचा असा कटाक्ष नाही, म्हणून त्याच कार्यक्रमात तिचे भांडार अधिक मोकळेपणाने खुले होऊ शकत होते. दोन्ही पद्धतींना समान न्याय देणाऱ्या योजनेत हा पंक्तिप्रपंच नकळत झाला.

२६ जानेवारी २०१६ रोजी बंगळूरहून 'रागम्' ही चोवीस तासांची अभिजात संगीतवाहिनी सुरू झाली. अखंड अहोरात्र हाती असल्यामुळे रागचक्र समग्र ऐकविण्याची संधी प्रथमच आली, असे वरवर दिसते. प्रत्यक्षात असे सलग प्रसारण मुख्यतः संग्रहातील ध्वनिमुद्रणांवर चालणार. तेथे प्रहर सांभाळावयाचा तो कार्यक्रमपत्रिका आखणाराने. अशा प्रसारणाच्या आधारे समयसिद्धान्त आज जिवंत आहे असे मांडणाऱ्या अभ्यासकास प्रक्षेपणाच्या वेळेपुढे मुद्रणाची वेळही लिहावी लागेल. कारण पहाटे ऐकू आलेला ललत भर दुपारी गाइलेला असू शकतो.