‘जिस्मोंदा’ : भित्तिपत्रक की व्यक्तिचित्र?

व्यक्तिचित्राने एका विशिष्ट व्यक्तीचे सत्य सांगावे आणि जाहिरातीने रस्त्यावरील अनोळखी मनुष्यास क्षणभर थांबवावे, अशी या दोहोंची प्रयोजने भिन्न मानली जातात. मग जाहिरातीसाठी काढलेल्या स्त्रीचित्रास व्यक्तिचित्र म्हणता येईल काय? मोराव्हियात जन्मलेल्या आल्फॉन्स मुखा (१८६०-१९३९) या चित्रकाराच्या ‘जिस्मोंदा’ या भित्तिपत्रकाच्या आधारे या प्रश्नाचा विचार येथे करावयाचा आहे.

पॅरिसच्या रनेसांस नाट्यगृहातील सार्दूच्या ‘जिस्मोंदा’ या नाटकासाठी १८९४ च्या डिसेंबरअखेर एक भित्तिपत्रक तातडीने हवे होते. लमर्सिये यांच्या शिलामुद्रणालयात काम करीत असलेल्या मुखाकडे ते काम आले, आणि १ जानेवारी १८९५ रोजी पत्रक शहराच्या भिंतींवर लागले. नायिका होती सारा बर्नार. तिचे वय तेव्हा ५० वर्षांचे होते.

सुमारे दोन मीटर उंच आणि पाऊण मीटर रुंद अशा या पटावर जवळजवळ पुरुषभर उंचीची एकच आकृती उभी आहे. हाती झावळी, केसांत फुले, अंगावर भरजरी वस्त्र, मस्तकामागे कमान आणि तीत तिचे नाव. पन्नाशीच्या खुणा मात्र चेहऱ्यावर कोठेही नाहीत. एवढ्यावरून हे चित्र असत्य ठरविणे आम्हांस योग्य वाटत नाही. मुखाने देहाचे वय रेखाटलेले नाही. रंगभूमीवर उभे राहण्याची एका नटीची रीत रेखाटली आहे, आणि तीही त्या व्यक्तीचाच अंश होय.

या यशात उणिवेचाही वाटा आहे. अवधी अपुरा असल्याने पार्श्वभूमीचा बराच भाग मोकळा राहिला. बायझंटाइन धर्तीचे कुट्टिमकाम तेवढे मस्तकामागे आले. त्या रितेपणामुळे दृष्टी मुखाकडे आणि हाताकडे जाते. याच्या उलट, सिगारेटच्या कागदासाठी १८९६ मध्ये काढलेले ‘जॉब’चे पत्रक पाहावे. तेथे केशसंभाराची वळणे मोहक आहेत. परंतु ती स्त्री कोण, असा प्रश्नच प्रेक्षकास पडत नाही. अलंकरणाने व्यक्तीची जागा घेतली आहे.

तथापि दोष अलंकरणाचा नव्हे. १८९८ च्या ‘मेदे’ या पत्रकात बर्नारच्या हाताला सर्पाकृती कंकण आहे. ते तिच्या विस्फारलेल्या नेत्रांतील भीषणता वाढविते, झाकीत नाही. अलंकार मुद्रेच्या सेवेत आहे की मुद्रा अलंकाराच्या, हीच खरी कसोटी होय. या कसोटीला ‘जिस्मोंदा’ उतरते, ‘जॉब’ उतरत नाही.

‘जिस्मोंदा’मध्ये रंगभूमीबाहेरची सारा सापडणार नाही, ही तिची मर्यादा मान्य केली पाहिजे. आज मुखाच्या स्त्रिया दिनदर्शिकांवर आणि डब्यांवर सरसकट एकाच साच्याच्या म्हणून छापल्या जातात, आणि एका नटीचे नाव व कर्तृत्व त्या साच्यात विरून जाते. मुखाने ते नाव तिच्या मस्तकामागील कमानीत लिहिले होते. निदान समीक्षकाने तरी ते वाचावे.