रावबहादूर धुरंधर यांची ऐतिहासिक व धार्मिक चित्रे : एक पुनर्विचार

महाराष्ट्रातील आधुनिक चित्रकलेच्या इतिहासात रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७-१९४४) यांचे नाव आदराने घेतले जाते. परंतु त्यांच्या चित्रांची चिकित्सा त्या मानाने फारच थोडी झाली आहे. 'सरकारी कलाशाळेचे चित्रकार' आणि 'देवादिकांच्या तसबिरींचे चित्रकार' अशा दोन शिक्क्यांखाली त्यांचे कार्य झाकले गेले. बंगाल संप्रदायाच्या पुरस्कर्त्यांनी पाश्चात्त्य वास्तववादी शैलीच परकीय ठरविली. ते ग्राह्य मानले, तर त्या शैलीत रंगविलेला शिवराज्याभिषेक स्वदेशी कसा ठरतो, हा प्रश्न उरतोच.

कोल्हापुरात जन्मलेले धुरंधर १८९० मध्ये मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. १८९५ मध्ये त्यांना बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. त्याच संस्थेत ते अध्यापक झाले, प्रभारी संचालकपदापर्यंत पोहोचले व १९३१ मध्ये निवृत्त झाले. 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' हे त्यांच्या आत्मकथनाचे शीर्षकच पुरेसे बोलके आहे. सारी हयात इंग्रज सरकारच्या चाकरीत गेली, हे यावरून स्पष्ट होते.

शिवराज्याभिषेकाच्या दरबाराचे त्यांचे चित्र या पार्श्वभूमीवर पाहावे लागते. शंभरांहून अधिक व्यक्ती असलेल्या या चित्रात इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेन सिंहासनासमोर झुकलेला दिसतो. १६७४ मध्ये तो रायगडावर उपस्थित होता, ही इतिहाससिद्ध घटना आहे. यथार्थदर्शन, मानवाकृतींचा अभ्यास, वस्त्रांच्या चुण्या ही सर्व साधने राज्यकर्त्यांच्या शाळेत मिळालेली. त्याच साधनांनी राज्यकर्त्यांचा प्रतिनिधी येथे मराठ्यांच्या राजापुढे नम्र होऊन उभा केला आहे. यात जाणीवपूर्वक बंडखोरी शोधणे हा मात्र नंतरच्या अभ्यासकांचा उत्साह म्हणावा लागेल. दिल्लीच्या सचिवालयातील सजावटीचे काम याच हातांनी केले होते. शैली परकीय असली तरी स्मृती आपली असू शकते, एवढेच हे चित्र सिद्ध करते. आणि ते पुरेसे आहे.

चित्राची मर्यादाही येथेच दिसते. राजा हा रूढ प्रतिमेत बांधलेला आहे; जिवंतपणा आहे तो सभोवतीच्या समुदायात. धुरंधर मूलतः नायकाचे नव्हे, समारंभाचे चित्रकार होत.

धार्मिक चित्रांच्या बाबतीत हाच गुण अधिक फलदायी ठरतो. राजा रविवर्मा यांच्या लक्ष्मी-सरस्वती चौकट भरून एकट्याच दिसतात. पूजकाने समोर हात जोडावेत अशी ती योजना आहे. धुरंधरांनीही रविवर्मा मुद्रणालयासाठी देवतांची चित्रे केली, आणि त्यांतील काही केवळ बाजारपेठेची मागणी पुरविणारी आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण सी. ए. किंकेड यांच्या 'डेक्कन नर्सरी टेल्स' (१९१४) या पुस्तकासाठी त्यांनी केलेली चित्रे वेगळ्या कसोटीवर घासून पाहावीत. हे पुस्तक म्हणजे आपल्या व्रतवैकल्यांच्या कहाण्यांचे इंग्रजी रूप. श्रावणात घरोघर वाचल्या जाणाऱ्या या कहाण्यांत देव दरिद्री ब्राह्मणाच्या उंबऱ्यावर येतो, सुनेच्या हातचे जेवतो. अशा देवासाठी रेखाटनकाराचाच हात हवा होता. एस. एम. एडवर्ड्स यांच्या 'बायवेज ऑफ बॉम्बे' (१९१२) साठी मुंबईच्या गल्ल्यांतील माणसे टिपणाऱ्या आणि नऊवारीचा प्रत्येक काष्टा निरखणाऱ्या धुरंधरांकडे तो होता. दिव्यत्वासाठी त्यांना ढगांची गरज भासत नाही, ओसरी पुरते.

२०१८ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचे सिंहावलोकनी प्रदर्शन भरले. देवादिकांची चित्रे आणि रस्त्यावरील माणसांची रेखाटने शेजारी ठेवली की दोन्हींमागील निरीक्षण एकच असल्याचे ध्यानात येते. राज्याभिषेकाचे चित्र मात्र आजही बहुधा छापील प्रतीतूनच ओळखले जाते, आणि त्या प्रतीवर चित्रकाराचे नाव क्वचितच असते.